साप विकणारा जबाबदार कधी होणार?

बीड जिल्ह्यात साप ही हौसेची गोष्ट नाही. दिवाळी झाली की हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पुढचे कित्येक महिने ती फडाशेजारच्या कोपीत राहतात, भुईवर झोपतात आणि पहाटेच्या अंधारात उसात शिरतात. जे गावी राहतात, ते रात्रपाळीची वीज आली की बॅटरी घेऊन दारे धरायला निघतात. कापूस वेचताना, सोयाबीनची गंजी उपसताना, कडब्याची पेंढी ओढताना साप हातापायाशीच असतो. म्हणून ‘लांबडं निघालं’ अशी हाक आली की पहिल्यांदा काठी शोधली जाते. अशा जिल्ह्यात पाळीव सापांच्या विक्रीवर लिहायचे, तर मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधली ही चैन आपल्या दारी कशाला, असे कुणीही विचारील.

पण सापांचा बाजार आपल्या दारी केव्हाच आलेला आहे, आणि तो एक नसून दोन आहेत. एक जुना, मांडुळाचा. दुसरा नवा, परदेशी रंगीबेरंगी सापांचा. दोन्हींची रीत मात्र एकच: नफा विकणारा घेतो आणि पुढचे सगळे दुसऱ्यांना निस्तरावे लागते. घरातून निसटलेला साप पकडायला सर्पमित्र धावतो, जप्त केलेला साप सांभाळायला पुनर्वसन केंद्र पुढे येते, दंश झालेला माणूस वाचवायला सरकारी दवाखाना झटतो. विकणारा तोवर फोन नंबर बदलून मोकळा झालेला असतो. साप पाळावा की पाळू नये, या वादाआधी मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जो विकतो, त्याच्यावर त्या जिवाची शेवटपर्यंतची जबाबदारी टाकणारी व्यवस्था आपल्याकडे नाही. ती येईपर्यंत या बाजाराला जबाबदार म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आधी जुना बाजार पाहू. मांडूळ हा कोरडवाहू रानातला, भुसभुशीत मातीत राहणारा बिनविषारी साप. अंग जाडजूड, खवले गुळगुळीत, चाल संथ. शेपटी निमुळती न होता तोंडासारखीच बोथट असते. शत्रू जवळ आला की तो डोके वेटोळ्यात लपवतो आणि शेपटी वर धरतो. हल्ला झालाच तर शेपटीवर निभावावा, डोके वाचावे, एवढीच त्याची युक्ती. ही युक्तीच त्याच्या मुळावर आली. दोन तोंडांचा साप, सहा महिने एका तोंडाने चालतो आणि सहा महिने दुसऱ्याने, घरात ठेवला की पैसा येतो, गुप्तधन दाखवतो, अशा समजुती त्याच्याभोवती जमल्या. त्यातून वजनावर भाव सांगणारे दलाल उभे राहिले. लाखांपासून कोटींपर्यंतचे आकडे बोलले जातात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मांडूळ पकडणाऱ्या गरीब पोराच्या हाती बेड्या पडतात आणि पैसे लावणाऱ्याच्या पदरी फसवणूक येते.

हे प्रमाण किरकोळ नाही. डब्ल्यूसीएस-इंडिया या संस्थेने २०१६ ते २०२१ या काळातील मांडूळ-जप्तीच्या बातम्या तपासल्या, तेव्हा देशभरात १७२ घटना आढळल्या. त्यांतल्या ५९ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. याच संस्थेला यूट्यूबवर मांडूळ विक्रीला चालना देणारे २०० व्हिडिओ एकट्या २०२१ सालात सापडले. ज्या राज्याने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांना त्या कायद्यात गुन्हा ठरवले, त्याच राज्यात शेतातला उंदीर खाणारा एक गरीब साप गुप्तधनासाठी विकला जातो. मांडूळ रानातून गेला की नुकसान शेतकऱ्याचेच होते. तो बिळात शिरून उंदीर मारतो आणि त्यासाठी एक पैसाही मागत नाही.

या बाजारात ‘जबाबदार विक्री’ असे काही असूच शकत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे आपल्या रानातले संरक्षित वन्यप्राणी पकडणे हीसुद्धा शिकार ठरते, फक्त मारणे नव्हे. अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षे तुरुंगवासाची आहे. नाग, धामण, घोणस, मण्यार, मांडूळ यांपैकी कुठलाही साप विकण्याची किंवा बरणीत भरून घरी ठेवण्याची मुभा कुणालाही नाही. सर्पमित्रालाही नाही. पकडलेला साप चार दिवस घरी ठेवून, त्याच्यासोबत रील काढून, मग सोडणारे तरुण गावोगाव दिसू लागले आहेत. त्यांनी सेवेचे नाव घेतले तरी जे चालते, ती हौसच आहे.

नवा बाजार वेगळ्या वाटेने आला. जगभर घरात पाळल्या जाणाऱ्या सापांत पश्चिम आफ्रिकेतला बॉल पायथन सर्वांत लोकप्रिय मानला जातो. तो लहानखुरा, शांत, घाबरला की अंगाचा चेंडू करून बसणारा. त्याच्याखालोखाल अमेरिकेतला केशरी-तांबडा कॉर्न स्नेक. पिंजऱ्यातल्या पैदाशीतून बॉल पायथनच्या असंख्य रंगछटा तयार झाल्या आणि दुर्मीळ छटेला दागिन्यासारखा भाव मिळू लागला. मोबाइलच्या पडद्यावर मनगटाला गुंडाळलेला पिवळाधमक साप पाहणाऱ्या पोराला तो हवासा वाटणे स्वाभाविक आहे. तो पोरगा अंबाजोगाईचा असो की अंधेरीचा, पडदा तोच आहे.

हा माल येतो कसा, याची झलक मुंबई विमानतळावर वेळोवेळी दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटे आणि केकच्या पुड्यांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. २०२५ च्या जूनच्या सुरुवातीला थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेतून ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर आणि ३ स्पायडर-टेल्ड हॉर्न्ड व्हायपर निघाले. हे सगळे विषारी साप. शेवटचा तर पश्चिम इराणच्या डोंगरांतला, शास्त्राला २००६ मध्येच नव्याने ज्ञात झालेला. बिस्किटांच्या पुड्यात तास न् तास कोंबलेल्या सापाला हौसेची वस्तू म्हणून विकणारा माणूस ग्राहकाला त्याचे खाणेपिणे समजावून सांगेल, अशी अपेक्षा कुणी करू नये.

सरकार गप्प बसलेले नाही, हे मान्य करायला हवे. जून २०२० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सूचना काढली: ज्यांच्याकडे परदेशी जिवंत प्राणी आहेत त्यांनी सहा महिन्यांत स्वेच्छेने माहिती द्यावी, कागदपत्रे मागितली जाणार नाहीत. त्यामुळे कोण काय पाळतो याचा पहिला अंदाज आला, पण तस्करीचा मालही त्याच दाराने अधिकृत होऊन गेला असेल, ही शंका उरलीच. मग २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव अधिनियमात आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या यादीतल्या प्रजातींसाठी स्वतंत्र चौथी अनुसूची आली. भारत या कराराचा सदस्य १९७६ पासून. कराराला देशातल्या कायद्याचा असा थेट आधार मिळायला त्यानंतर ४६ वर्षे जावी लागली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. आता बॉल पायथन बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करायची, जन्म-मृत्यू कळवायचा, दुसऱ्याला दिला तर तेही सांगायचे.

पण या जाळ्याची वीण मोठी आहे. कॉर्न स्नेक ‘साइट्स’च्या यादीत नाही, म्हणून चौथ्या अनुसूचीतही नाही. एकाच दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन डब्यांतल्या एका सापाची नोंद सक्तीची आणि दुसऱ्याची नाही, अशी ही स्थिती आहे. पाळीव प्राणी विक्री दुकानांसाठी २०१८ चे नियम आहेत. त्यांची व्याख्या कुत्रा, मांजर, ससा, हॅम्स्टर, पिंजऱ्यातले पक्षी अशी नावे घेते; सापाचे नाव त्यात नाही. शिवाय नोंदणीच्या नियमांचा सगळा भर बाळगणाऱ्यावर आहे. विकणाऱ्याने ग्राहकाला काय सांगायचे, कुणाला विकायचे नाही, ग्राहकाला झेपले नाही तर साप परत घ्यायचा की नाही, यावर ते बोलत नाहीत. आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

ग्राहकाला न सांगितलेल्या गोष्टी कोणत्या, ते बॉल पायथनच्या डब्यातच पाहू. हा साप नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षे जगतो. म्हणजे दहावीतल्या मुलाने घेतला तर त्याची पोरे शाळेत जाईपर्यंत. त्याला डब्याच्या एका टोकाला तीस-बत्तीस अंश ऊब लागते, दुसऱ्या टोकाला थोडा गारवा, आणि हवेत भरपूर ओलावा. मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, हवा भाजून काढते आणि वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्या डब्यातल्या सापाची कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवर अडकून राहते, श्वासनलिकेला संसर्ग होतो. तो अनेकदा महिनोन् महिने खाणे सोडतो. त्याला उंदीर द्यावे लागतात. ते गोठवून साठवायचे कुठे, तर घरातल्याच फ्रीजमध्ये. आजारी पडला तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी-शेळ्यांचा अनुभव असलेला डॉक्टर भेटेल, सापांवर उपचार केलेला क्वचितच. काही रंगछटा तर जन्मतःच व्याधी घेऊन येतात. ‘स्पायडर’ नावाच्या छटेतल्या सापांना मज्जासंस्थेचा दोष असतो, त्यांचे डोके डुगडुगत राहते, समोरचे भक्ष्यही धड टिपता येत नाही. हे ठाऊक असूनही अंगावरची नक्षी देखणी म्हणून ती पैदास जगात चालू राहिली. सापाला ओरडता येत नाही, म्हणून त्याचा त्रास आपल्याला दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

विषारी परदेशी साप ही तर सरळ माणसाच्या जिवाशी गाठ आहे. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर बनते. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयापर्यंत सगळी भिस्त या एकाच औषधावर. इंडोनेशियातला किंवा इराणमधला साप चावला तर या औषधाच्या भरवशावर बसता येत नाही. २००० ते २०१९ या काळात देशात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. मेले ते बहुतांशी खेड्यातले, शेतात राबणारे. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केले. एकीकडे हा प्रयत्न आणि दुसरीकडे औषध नसलेले नवे विष हौसेपायी देशात आणायचे, हे कुठल्याही सुजाण समाजाने चालवून घेऊ नये.

आता दुसरी बाजू. साप पाळणारे प्रामाणिक लोक म्हणतात, की सापाला हात लावल्याशिवाय त्याची भीती जात नाही. घरात वाढलेला एक साप शेजारच्या दहा घरांतली काठी खाली ठेवायला लावतो. या म्हणण्यात तथ्य आहे. पण भीती घालवायला मालकी लागत नाही. नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढले आणि १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभे राहिले. त्यातून महाराष्ट्राच्या एका पिढीची सापांकडे पाहण्याची नजर बदलली, कुणाच्या घरी एक साप न विकता. आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगाव इथे सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे या दांपत्याचे ‘सर्पराज्ञी’ पुनर्वसन केंद्र आहे. जखमी साप, मोर, हरणे तिथे येतात, बरी होतात आणि रानात परत जातात. मराठवाड्यातल्या मुलाला सापाविषयी काही शिकायचे असेल, तर बरा होऊन बांधापलीकडे निघून जाणारी धामण त्याला डब्यातल्या पायथनपेक्षा जास्त शिकवते.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे: सरसकट बंदीने बाजार थांबत नाही, तो अंधारात जातो. मांडुळाची गोष्टच त्याचा पुरावा. मी हे मानतो. म्हणूनच परदेशी सापांवर डोळे मिटून बंदी घाला, असे माझे म्हणणे नाही. देशात आधीच असलेले, नोंदवलेले साप कुठेतरी सांभाळावेच लागणार आहेत. बंदी आली की तेच साप रातोरात नाल्यात, तळ्यात सोडले जातील. लाल कानांच्या परदेशी कासवांचे हेच झाले. काचेच्या भांड्यातले इवलेसे पिल्लू म्हणून ती शहरांत विकली गेली, ताटाएवढी झाल्यावर लोकांनी ती तळ्यांत सोडली आणि आता देशी कासवांच्या घासात वाटेकरी झाली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत पाळीव बाजारातून सुटलेले बर्मी अजगर वाढले आणि तिथले ससे, रॅकून, ओपोसम यांची संख्या कमालीची घटली. करोडो डॉलर खर्चून अजूनही ते आवरलेले नाहीत. ज्यांनी ते अजगर विकले, त्यांच्याकडून मात्र कुणी भरपाई घेतली नाही.

म्हणजे बंदीही अपुरी आणि मोकळीकही घातक. मग वाट कोणती? इतर देशांनी काही शोधल्या आहेत. नॉर्वेने १९७७ पासून सरपटणारे प्राणी पाळायला बंदी घातली होती. २०१७ मध्ये ती उठवताना फक्त १९ प्रजातींची यादी केली. यादीत नाव आहे तेच पाळायचे, बाकी काही नाही. कुठला प्राणी निषिद्ध, याच्या लांबलचक याद्या करत बसण्यापेक्षा हे सोपे, आणि अंमलबजावणी करणाऱ्या वनरक्षकालाही कळणारे आहे. इंग्लंडच्या कायद्यांत पाळीव प्राणी विकायला परवाना लागतो, सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि प्राण्याची निगा कशी राखायची याची माहिती ग्राहकाला देणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. तिथे ओझे विकणाऱ्याच्या खांद्यावर आहे. आपल्याकडेही ते तिथेच जायला हवे.

आपल्यासाठी मला पाच गोष्टी आवश्यक वाटतात. पहिली, देशी सापाची विक्री कुठल्याही कारणाने नाही. मांडुळाच्या प्रकरणात पकडणाऱ्या पोरासोबत पैसे लावणारा गिऱ्हाईक आणि दलालही आरोपी झाला पाहिजे, आणि गुप्तधनाचा अघोरी प्रकार असेल तिथे जादूटोणाविरोधी कायद्याचे कलमही लागले पाहिजे. दुसरी, परदेशी सापांची नॉर्वेसारखी छोटी यादी: विषारी एकही नाही, अजगरासारखा मोठा होणारा नाही, जन्मतः व्याधिग्रस्त पैदास नाही. ‘साइट्स’च्या यादीत असो वा नसो, प्रत्येकाची नोंद. तिसरी, विक्रेत्याला परवाना आणि त्यासोबत परत घेण्याचे बंधन. वीस वर्षांनीही ग्राहकाने साप आणून दिला, तर तो विनामोबदला स्वीकारायचा. एवढी एक अट घातली तरी बेफिकीर विक्रेते आपोआप बाजाराबाहेर जातील. चौथी, प्रत्येक विक्रीवर शुल्क, आणि ते थेट पुनर्वसन केंद्रांना. पाचवी, समाजमाध्यमांवर जिवंत वन्यजीव विकणारी जाहिरात दिसली, तर ती टाकणाऱ्यासोबत ती काढायला उशीर करणारी कंपनीही जबाबदार.

यात एक माणूस विसरून चालणार नाही. १९७२ च्या कायद्याने सापगारुडी समाजाची टोपली बेकायदा ठरवली. दात उपटलेला, उपाशी ठेवलेला, दूध पाजण्याच्या नावाखाली तडफडवलेला नाग थांबायलाच हवा होता. बत्तीस शिराळ्यातली जिवंत नागांची मिरवणूकही न्यायालयाच्या आदेशांनी थांबली. पण पिढ्यान् पिढ्या सापांवर जगलेल्या त्या भटक्या माणसाला आपण दुसरा धंदा दिला नाही. आज विमानाने बेकायदा आणलेला परदेशी साप नोंदणी करून अधिकृत करण्याची संधी एका वर्गाला मिळाली, आणि टोपलीवाल्याला फक्त गुन्हा मिळाला. हा अन्याय दुरुस्त करायची वाट तमिळनाडूने दाखवली आहे. तिथल्या इरुला जमातीची सहकारी संस्था १९७८ मध्ये स्थापन झाली. परवाना घेऊन साप पकडायचे, विष काढायचे, सापांना रानात परत सोडायचे. देशातल्या प्रतिविषाला लागणारे विष मोठ्या प्रमाणावर त्यांच्याकडून येते. सापाचे ज्ञान असलेल्या माणसाला त्या ज्ञानावर सन्मानाने जगता येते, साप न विकता आणि न छळता. हे महाराष्ट्रात का घडू नये? सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि विमा देण्याची घोषणा राज्य सरकारने २०२५ मध्ये केली. ती कागदावरून गावात उतरवताना सापगारुडी समाजातल्या तरुणांना त्यात पहिली जागा मिळाली पाहिजे.

यातले काही कायद्याने होईल, काहीला वेळ लागेल. तोवर बीडमधल्या माझ्या वाचकाच्या हातात एक गोष्ट आजही आहे. मुलाने मोबाइलवर परदेशी साप दाखवून हट्ट धरला, किंवा ओळखीच्या कुणी मांडुळात पैसे लावायला सांगितले, तर विकणाऱ्याला तीनच प्रश्न विचारावेत. हा जीव आला कुठून, त्याचा कागद दाखव. मला झेपला नाही तर तू परत घेशील का, लिहून दे. आणि याच्यामुळे कुणाला इजा झाली तर जबाबदारी तुझी, हे मान्य आहे का? सरळ उत्तर मिळाले नाही, तर व्यवहार तिथेच मोडावा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. मागणी आटली की हा बाजार आटेल, आणि कायद्याने विक्रेत्याला जबाबदार धरण्याआधी ते काम गिऱ्हाइकालाच सुरू करावे लागेल.